खाडी ही मोरी नव्हे

ज्या वाचकांनीं चिपळूणजवळील श्रीपरशुरामाचें दर्शन घेतलें असेल, त्यांस तेथील डोंगरावरून खालीं दिसणारें वाशिष्ठी नदीचें पात्र आठवत असेलच. सह्याद्रींत उगम पावलेली ही नदी गोवळकोटावरून पुढें जाते, वाटेंत जगबुडीस पोटांत घेते आणि दाभोळ व अंजनवेल यांच्या मधून समुद्रास मिळते. भरतीचें पाणी जेथपर्यंत चढतें, तेथून मुखापर्यंतच्या भागास आपण दाभोळची खाडी म्हणतों. या खाडीच्या कांठीं, मुखापासून बरेंच आंत, एका लहानशा गांवीं आमचें घर आहे. आणि तिच्याविषयीं आज जें सांगावयाचें, त्याचा आरंभ आमच्या एका चुकीच्या कबुलीनें करणें आम्हांस प्राप्त आहे.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं आमच्या वाडीचें सांडपाणी कोठें सोडावें याचा विचार करण्यास मंडळी देवळांत जमली होती. मास्तर म्हणून आमचें मत विचारण्यांत आलें. आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें, "खाडींत सोडा. दिवसांतून दोन वेळां ओहोटी लागते. सगळी घाण आपोआप समुद्रास जाईल." खांबाशीं बसलेला एक म्हातारा भोई तेवढा म्हणाला, "मास्तर, ओहोटी नेते हें खरें. पण भरती काय रिकाम्या हातानें येते?" सर्व हंसले. आम्हीही हंसलों. नळ खाडीकडे गेला.

तो भोई आतां हयात नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत त्याची सून ओहोटीच्या वेळीं टोपली घेऊन रिकामीच परत जातांना दिसली. पूर्वीं त्या नळाच्या मुखाशीं तिसऱ्यांची पुळण होती. तेथें आतां काळा चिखल झाला आहे व त्यास कुजक्या अंड्यांसारखी दुर्गंधी येते. "मास्तर, तिकडे आतां कोणी उतरत नाहीं," एवढेंच ती म्हणाली. आम्हांस दोष तिनें दिला नाहीं. पण त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

तेव्हांपासून आम्हीं या विषयाचा जो थोडाबहुत अभ्यास केला, त्याचें सार असें. प्रथम भरतीओहोटीचाच हिशेब पाहूं. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारें १२ तास २५ मिनिटें जातात. म्हणजे ओहोटीच्या वांट्यास जेमतेम सहा तास येतात. तेवढ्या अवधींत आमच्या गांवचें पाणी मुखापर्यंत पोंचतच नाहीं. तें कांहीं अंतर जातें आणि भरती त्यास पुन्हा माघारीं आणते. भोयाचा प्रश्न हाच होता.

दुसरी गोष्ट जडपणाची. समुद्राच्या एक किलो पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून तें नदीच्या पाण्याहून जड. दोहोंची भेट होते तेथें गोडें पाणी वरून समुद्राकडे सरकूं पाहतें आणि खारें पाणी तळानें आंत शिरूं पाहतें. अर्थात् जें तळाशीं बसलें, त्यास बाहेर नेणारा प्रवाह दुबळा आणि आंत ढकलणारा प्रबळ. पावसाळ्यांतील पूर बराच गाळ समुद्रांत लोटतो हें खरें. परंतु पुराचे दिवस थोडे आणि आपल्या मोऱ्या वाहण्याचे दिवस तीनशें पांसष्ट. कोकणांतल्या इतर नद्या उन्हाळ्यांत बहुतेक आटतात. वाशिष्ठीची गोष्ट निराळी आहे. कोयनेचें जें पाणी कऱ्हाडास कृष्णेला मिळून पूर्वसमुद्रास जावयाचें, त्यांतील मोठा वांटा १९६० नंतरच्या दशकापासून वीज उत्पन्न करून सह्याद्रीच्या पश्चिमेस वाशिष्ठींत उतरत आहे. त्यामुळें गोड्या आणि खाऱ्या पाण्याची ही भेट येथें ऐन वैशाखांतही चालू असते.

तिसरी गोष्ट वाचकांनीं घरींच करून पाहावी. आम्हीं ती नातवासह पडवींत केली. पागोळीचें पाणी भांड्यांत धरून त्यांत शेतांतील चिकणमाती ढवळावी, खडे व वाळू तळीं बसूं द्यावी आणि वरचें गढूळ पाणी दोन कांचेच्या पेल्यांत सारखें ओतावें. एका पेल्यांत चमचाभर मीठ विरघळवून दोन्ही पेले रात्रभर हलवूं नयेत. सकाळीं नातू धांवत आला : "आजोबा, मिठाचा पेला निवळला!" दुसरा तसाच गढूळ होता.

याचें कारण असें. चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋण विद्युद्भार असतो. समान भाराचे कण एकमेकांस दूर लोटतात, म्हणून गोड्या पाण्यांत ते दिवसचे दिवस तरंगत राहतात. खाऱ्या पाण्यांतील सोडियम, मॅग्नेशियम यांचे धनभारित कण त्यांच्याभोंवतीं गोळा झाले म्हणजे तें परस्परांस लोटणें मंदावतें, कण एकमेकांस चिकटतात, त्यांचे पुंजके बनतात आणि तळीं बसतात. आपण गढूळ पाण्यांत तुरटी फिरवितों, तिचेंही कार्य याच जातीचें. नदीनें डोंगरावरून आणलेली माती समुद्राच्या उंबरठ्यावर अशी खालीं ठेवली जाते. परंतु ती माती एकटी बसत नाहीं. कारखान्यांच्या व घरांच्या पाण्यांतून येणारे जड धातू व तेलकट द्रव्यें तिच्या कणांस चिकटून तिच्याबरोबरच तळीं जातात.

हा गाळ खाडीचें वैभवही आहे. त्यांतच तिवर आणि कांदळ रुजतात. तिवराच्या पानावर मिठाचे बारीक स्फटिक दिसतात. शोषलेलें मीठ तें झाड पानावाटे बाहेर टाकतें. कांदळाचें बीं तर झाडावर असतांनाच अंकुरतें. या झाडांचीं पानें गळून कुजतात आणि त्यांवर सूक्ष्म जीव पोसतात. कोळंबीच्या कित्येक जाती समुद्रांत अंडीं घालतात, पण त्यांचीं इवलीं पिलें भरतीच्या पाण्याबरोबर आंत येऊन याच खाजणांत वाढतात. ज्या जागेस आपण दलदल म्हणून नाक मुरडतों, ती समुद्राची बालवाडी आहे.

आणि याच गाळांत आम्हीं आमची मोरी सोडली. सांडपाण्यांतील कुजणारीं द्रव्यें पाण्यांतला प्राणवायु संपवितात. तो संपला म्हणजे समुद्रजलांतील सल्फेटावर जगणारे जंतु बळावतात; त्यांच्यापासून निघणाऱ्या वायूस कुजक्या अंड्यांचा वास असतो, आणि मातींतील लोहाशीं त्याचा संयोग होऊन चिखल काळा पडतो. त्यांत तिसरी जगत नाहीं. तेव्हां ती पुळण कोणी नाहींशी केली याचें उत्तर आम्हांस दूर कोठें शोधावें लागलें नाहीं.

सांगावयाचें तात्पर्य एवढेंच कीं, खाडी ही समुद्राकडे वाहणारी मोरी नव्हे. तें निवळ बसण्याचें पात्र आहे. तिच्यांत जें टाकावें तें ती बव्हंशीं आपल्यापाशींच ठेवते. निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसह प्रवाहांत सोडून हात जोडणाऱ्या आपल्या सुशिक्षित कुटुंबांनीं हें विशेषेंकरून ध्यानांत घ्यावें.

आम्हीं ग्रामपंचायतीस पत्र लिहून आमचें वीस वर्षांपूर्वींचें मत चुकीचें होतें असें कळविलें आहे. वाडींत अकरा घरें आहेत. परसांत शोषखड्डा खणून नळापासून वेगळीं होण्यास आजवर चार तयार झालीं. पहिला खड्डा आम्हीं आमच्याच परसांत खणविला. बाकीचे म्हणतात, "मास्तर, तुम्हींच तर सांगितलें होतें!" यास आमच्यापाशीं उत्तर नाहीं; पुन्हा पुन्हा त्यांच्या दारीं जाणें एवढेंच आमच्या हातीं आहे.

संस्कृतांत एक जुना दृष्टांत आहे. निवळीचें बीं पाणी स्वच्छ करतें खरें, पण तिचें नुसतें नांव घेतल्यानें पाणी निवळत नाहीं. बीं उगाळावें लागतें. शाळेंत हा दृष्टांत आम्हीं कितीदां तरी समजावून दिला. त्याचा अर्थ आम्हांस स्वतःस समजावयास मात्र एका रिकाम्या टोपलीची गरज लागली.