शिकेकाईचें नांव आणि शिकेकाई

एखाद्या वस्तूची स्तुति उदंड होऊं लागली, कीं ती वस्तु घरांतून उठून गेली असें खुशाल समजावें. शिकेकाईचें हल्लीं नेमकें असेंच झालें आहे. न्हाण्याच्या आदल्या रात्रीं घरोघर तपेल्यांत शेंगा भिजत पडत होत्या, तोंपर्यंत त्यांच्याविषयीं कोणीं गौरवाचा एक शब्द उच्चारला नाहीं. आतां तपेलें माळ्यावर गेलें, शेंगा वाण्याच्या यादींतून गळाल्या, आणि बाटलीबाटलीवर शिकेकाईचीं चित्रें झळकूं लागलीं. सुशिक्षित गृहस्थ ती बाटली विकत आणतो, आणि आपण पूर्वजांच्या रीतीस जागलों ह्या समाधानांत डोकें धुतो. ह्या समाधानाचा पाया किती पोकळ आहे, तें दाखविण्यासाठीं हा लेखनप्रपंच आहे.

आरंभींच एक गैरसमज दूर केलेला बरा. शांपू परदेशी म्हणून त्याज्य व शिकेकाई स्वदेशी म्हणून ग्राह्य, असा आमचा पक्ष मुळींच नाहीं. 'शांपू' ह्या शब्दाचें कूळ शोधूं गेल्यास तो आपल्याच घरचा निघतो. अंग दाबणें, रगडणें ह्या अर्थाच्या हिंदी 'चांपना' ह्या क्रियापदापासून तो इंग्रजींत गेला. आपल्याकडील 'चंपी' ही त्याचीच बहीण. सन १७५९ मध्यें पाटण्यास जन्मलेले शेख दीन महंमद नांवाचे गृहस्थ इंग्लंडांत ब्रायटन येथें वाफेचें स्नानगृह काढून राहिले होते. त्यांनीं ह्या मर्दनविद्येवर सन १८२२ मध्यें पुस्तक प्रसिद्ध केलें व चौथ्या जॉर्ज राजाच्या सेवेचा मान मिळविला. त्या काळीं ह्या शब्दाचा अर्थ मर्दन एवढाच होता. केस धुण्याचा अर्थ त्यास पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चिकटला. येथून मालिश म्हणून निघालेला शब्द फेस होऊन परत आला. असल्या देवघेवींत स्वदेशी-परदेशीचा वाद घालणें पोरकटपणाचें होय.

शांपूची बाजूहि न्यायानें मांडली पाहिजे. साध्या साबणानें केस धुतले, तर जड पाण्यांतील चुन्याशीं त्याचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो, आणि तो केसांवर बसतो. ज्यांनीं जन्मभर विहिरीचें जड पाणी वापरलें आहे, त्यांस हें निराळें सांगावयास नको. सन १९३४ मध्यें अमेरिकेंत 'ड्रीन' नांवाचा कृत्रिम क्षालकाचा शांपू निघाला, आणि त्यानें व त्याच्या मागून आलेल्या शांपूंनीं ही अडचण दूर केली. हा रसायनशास्त्राचा खरा विजय होय. मात्र हीच अडचण आपल्या आज्या-पणज्यांनीं दुसऱ्या मार्गानें केव्हांच सोडविली होती. शिकेकाईच्या शेंगेंत आणि रिठ्याच्या फळांत सॅपोनिन नांवाचें द्रव्य असतें. तें पाण्यांत फेसाळतें, तेल व मळ सुटा करतें, आणि साबणाप्रमाणें चुन्याचा साका बसवीत नाहीं. शिवाय साबण अल्कधर्मी, तर शिकेकाईचा काढा आम्ल. केसाचा पृष्ठभागहि आम्लाकडेच झुकणारा आहे. अल्कानें त्यावरचे सूक्ष्म खवले उचलले जातात व केस राठ होऊन गुंततात. रेशमी व लोंकरी वस्त्रें आणि सोन्याचांदीचे दागिने रिठ्याच्या पाण्यांत धुण्याची रीत आपल्याकडे पडली, ती उगाच नव्हे.

येथवर शांपूची व शिकेकाईची तुल्यबळ जोडी आहे. तंटा सुरू होतो तो एकानें दुसऱ्याचें सोंग घेतल्यावर. शिकेकाईचा काढा केला, कीं तो थोड्याच दिवसांत आंबतो. जी वस्तु चार दिवस टिकत नाहीं, ती दुकानाच्या फळीवर दोन-दोन वर्षें कशी तग धरते, हा प्रश्न कोणत्याहि चौकस मनुष्यास पडावयास हवा. त्याचें उत्तर बाटलीच्या पाठीवरच छापलेलें असतें. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानें द्यावे, व बाकीचे त्यांच्यामागून वाटेल त्या क्रमानें द्यावे, असा सौंदर्यप्रसाधनांविषयीं आपल्या देशांत नियम आहे. वाचकांनीं घरांतील 'शिकेकाई'ची बाटली एकदां उलटी करून ती यादी वाचावी. बहुधा पहिलें नांव पाण्याचें आढळेल. दुसरें सोडियम लॉरेथ सल्फेटसारख्या एखाद्या कृत्रिम क्षालकाचें. मग दाटपणा आणणारीं द्रव्यें व मीठ. आणि शिकेकाईचा अर्क शेवटच्या पंगतीला, पत्रावळी उचलण्याच्या सुमारास. मळ काढतो सल्फेट आणि मानाचा विडा घेते शिकेकाई, असा हा प्रकार आहे.

सल्फेट विष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें कर्करोग होतो ही आवई निराधार आहे. कोणाच्या त्वचेस तें चुरचुरतें, कोणाचे केस त्यानें कोरडे पडतात, परंतु मळ काढण्याचें आपलें काम तें चोख करतें. आमचा आक्षेप तोतयेगिरीवर आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला, तेव्हां पुण्याच्या दरबारानें त्याची कसून चौकशी केली. आपल्या न्हाणीघरांत मात्र हा तोतया राजरोस शिरतो, आणि चौकशी तर राहोच, आपण त्याला चार पैसे अधिक मोजून पंचारती ओंवाळतों!

ह्या तोतयेगिरीला विटून दुसऱ्या टोकाला गेलेला एक पंथहि अलीकडे बळावला आहे. 'घरगुती तेवढें निर्दोष' हें त्याचें ब्रीद. जें जें स्वयंपाकघरांत सांपडेल तें तें केसांस हितकर, एवढेंच ह्या पंथाचें रसायनशास्त्र! कोणी खाण्याचा सोडा डोक्याला चोळतो, कोणी लिंबू पिळतो, कोणी हरभऱ्याचें पीठ थापून तें केसांतून वेंचीत बसतो. सोडा अल्कधर्मी आहे. म्हणजे ज्या दोषासाठीं साबण टाकला, तोच दोष मागल्या दारानें घरांत घेतला. लिंबाचा रस त्वचेवर राहून वर ऊन लागलें, तर भाजल्यासारखे चट्टे उठूं शकतात. रिठ्याचें पाणी डोळ्यांत गेलें म्हणजे काय होतें, तें लहानपणीं ज्यांनीं अनुभवलें ते जन्मांत विसरणार नाहींत. शिकेकाईनें पांढरे केस काळे होतात, टकलावर रान माजतें, ह्याहि गोष्टी छातीठोकपणें सांगितल्या जातात. केसाचा रंग त्वचेखालीं मुळाशींच ठरतो. बाहेर आलेला केस निर्जीव असतो. शिकेकाईनें तो स्वच्छ होतो, आणि स्वच्छ होणें हें कांहीं थोडें नव्हे. तिच्याकडून ह्याहून अधिक मागणें म्हणजे तिला जाहिरातदारांच्याच पंक्तीस नेऊन बसविणें होय.

आतां सर्वांत वजनदार आक्षेपाकडे वळूं. शेंगा भिजवावयाच्या, उकळावयाच्या, गाळावयाच्या कोणीं? परंपरेचे गोडवे गाणारे बहुधा पुरुष असतात, आणि त्यांचे केस दोन बोटें लांब असतात. लांबसडक केसांची निगा राखणाऱ्या स्त्रियांच्या वांट्याला धूर, चोथा आणि वेळेचा खर्च येत असे. शिवाय ज्या परंपरेनें सुवासिनीच्या केसांसाठीं गव्हला, कचोरा व नागरमोथा जमविला, तिनेंच विधवेच्या मस्तकावर वस्तरा फिरविला; सन १८९० मध्यें मुंबईच्या नाभिकांनीं सभा भरवून तें काम न करण्याचा निर्धार केला, तेव्हां नीति कोणाच्या बाजूला होती, हें सांगावयास नको. म्हणून 'जुनें म्हणून चांगलें' हा युक्तिवाद आम्ही करीत नाहीं. पहांटे उठून कामावर जाणाऱ्या स्त्रीला शांपूच्या पुडीनें दिलासा दिला हेंहि आम्हांस मान्य आहे. रिकाम्या पुड्या गटारांत तुंबतात, त्याचा दोष तिच्या माथीं मारण्याइतके आम्ही निर्दय नाहीं.

परंतु ह्या आक्षेपाचें उत्तर बाटलींत नाहीं. तें घरांतील कामाच्या वांटणींत आहे. ज्यास परंपरेचा अभिमान असेल, त्यानें आदल्या रात्रीं शेंगा स्वतः भिजत घालाव्या. ही विद्या कांहीं दुर्घट नाहीं. मूठभर शेंगा, बिया काढलेले चार-पांच रिठे आणि थोडी आवळकाठी तांब्याभर पाण्यांत रात्रभर ठेवावी. सकाळीं मंद आंचेवर दहा-पंधरा मिनिटें उकळून, निवल्यावर कुसकरून, फडक्यानें गाळून घ्यावें. डोळे मिटून तें डोक्यास लावावें व भरपूर पाण्यानें धुवावें. तेल फार असेल तर दोनदां लावावें लागेल. फेस बेताचाच येतो, ह्यानें घाबरून जाऊं नये. फेस म्हणजेच स्वच्छता, ही समजूत जाहिरातींनीं पसरविलेली आहे. शेंगा काष्ठौषधींच्या दुकानांत मिळतात. त्या विकत घेतांना आपण काय घेत आहों, तें डोळ्यांस दिसतें, आणि ह्या एका गोष्टीची किंमत आम्ही फार मोठी समजतों. ज्यांस वेळ नाहीं किंवा हौस नाहीं, त्यांनीं साधा स्वस्त शांपू निःशंकपणें वापरावा. फक्त शेंगेच्या चित्रासाठीं जादा पैसे मोजूं नयेत.

हा वाद केवळ केसांचा असता, तर एवढी शाई खर्च करण्याचें कारण नव्हतें. घरगुती ज्ञान लोपतें तें ह्याच क्रमानें: आधीं कृति जाते, मग वस्तु जाते, आणि अखेर नांव तेवढें बाजारांत विकावयास येतें. उटण्याचें तेंच झालें, काजळाचें तेंच झालें. वस्तु गेली तर ती पुन्हां आणतां येते. पण खरी कोणती आणि तोतया कोणता, हें ओळखणारी नजर गेली, तर ती कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं. शिकलेल्या घरांत ती नजर शाबूत नसेल, तर आपल्या शिक्षणानें आपणांस बाटलीची पुढची बाजू वाचावयास शिकविलें आणि मागची वाचावयास शिकविलें नाहीं, असेंच म्हणावें लागेल.