तसबिरीची मागची बाजू

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा तुमच्यापैकी कोणाच्या घरी असेल, तर तो एकदा नीट पाहा. आता त्यात बहुधा सुया-दोरे किंवा बटणे ठेवलेली असतील. अशा डब्याच्या झाकणावर कधी कधी एक चित्र असते. गवताने शाकारलेले बुटके घर, दाराशी गुलाबाची वेल, लहानसा ओढा, त्यावर दगडी पूल आणि मागे चर्चचा निमुळता मनोरा. हे इंग्लंडमधले खेडे. तिकडे अशी चित्रे चॉकलेटच्या खोक्यांवर इतकी छापली गेली, की एखादे गाव फारच देखणे असले तर लोक त्याला ‘चॉकलेटच्या खोक्यावरचे गाव’ म्हणू लागले. या म्हणण्यात थोडे कौतुक आहे आणि थोडी थट्टाही आहे.

या गावांच्या जुन्या छायाचित्रांविषयी मला काही सांगायचे आहे. पण आधी एका शब्दाविषयी. गेलेल्या दिवसांच्या आठवणीत रमणे याला मराठीत ‘स्मरणरंजन’ म्हणतात. इंग्रजीत त्याला ‘नॉस्टॅल्जिया’ म्हणतात. हा शब्द योहानेस होफर नावाच्या एका स्विस तरुणाने १६८८ साली वैद्यकाचा प्रबंध लिहिताना तयार केला. ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. परक्या ठिकाणी राहणारी माणसे घराच्या ओढीने खंगत, त्या आजाराला त्याने हे नाव दिले. म्हणजे मूळ शब्दात दुखणे आहे आणि आपल्या शब्दात रंजन आहे. जुनी छायाचित्रे पाहताना आपण रंजन तेवढे घेतो आणि दुखणे सोडून देतो, असे मला वाटते. मग चित्र अर्धेच पाहून होते.

ब्रिटनमधल्या गावोगावच्या छायाचित्रांची गोष्ट फ्रान्सिस फ्रिथ या गृहस्थापासून सुरू करता येईल. त्याचा जन्म १८२२ साली डार्बीशायर परगण्यातील चेस्टरफील्ड या गावी झाला. लिव्हरपूलमध्ये त्याने किराणा मालाच्या घाऊक व्यापारात चांगला पैसा मिळवला, आणि मग तो व्यापार विकून त्याने कॅमेरा हाती घेतला. त्या काळी छायाचित्र काढणे सोपे नव्हते. काचेच्या पट्टीवर रसायन लावायचे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायची. असा सारा संसार घेऊन फ्रिथ इजिप्तच्या वाळवंटात तीनदा जाऊन आला. परतल्यावर १८६०च्या सुमारास त्याने रायगेट या गावी छायाचित्रे छापून विकण्याचा कारखाना काढला. ब्रिटनमधल्या प्रत्येक शहराचे आणि प्रत्येक खेड्याचे छायाचित्र आपल्यापाशी असावे, असा त्याचा ध्यास होता. एका माणसाच्या हातून ते होणार नव्हते, म्हणून त्याने छायाचित्रकार नोकरीस ठेवले. फ्रिथ १८९८ साली वारला. पुढे त्याच्या मुलांनी आणि नंतरच्या मालकांनी हा व्यवसाय १९७०च्या सुमारापर्यंत चालवला. ७००० हून अधिक गावांची छायाचित्रे त्यात जमा झाली. हा संग्रह आजही सांभाळलेला आहे.

आता प्रश्न असा, की ही छायाचित्रे विकत कोण घेत होते? गावातली माणसे फारशी घेत नसत. घेत ते सुट्टीवर आलेले शहरी लोक. रेल्वे सगळीकडे पोचली होती. १८७१च्या कायद्याने बँकांना आणि त्यांच्यामागोमाग इतरांनाही वर्षातून काही ठरावीक सुट्ट्या मिळू लागल्या. गिरण्यांच्या धुरात राहणारा माणूस एका दिवसासाठी समुद्रकाठी किंवा खेड्यात जाई आणि आठवण म्हणून एक चित्र घेऊन परत येई. १८५१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधील निम्म्याहून अधिक लोक शहरांत राहतात, असे पहिल्यांदाच दिसून आले होते. म्हणजे फ्रिथची माणसे ज्या खेड्यांची छायाचित्रे काढत हिंडत होती, त्या खेड्यांतली तरुण मुले केव्हाच गिरण्यांच्या वाटेला लागली होती. चित्रातला रस्ता किती शांत, असे आपण म्हणतो. तो शांत दिसतो याचे एक कारण हे, की त्यावरची माणसे निघून चालली होती.

दुसरे कारण कॅमेऱ्याचे. सुरुवातीच्या काळात एका छायाचित्राला कित्येक सेकंद लागत. जो स्थिर उभा राहील तो चित्रात उमटे. जो चालत असे तो धुरासारखा पुसट होई, नाहीतर मुळीच उमटत नसे. पाण्याचे हंडे घेऊन लगबगीने जाणारी बाई त्या चित्रात नाही. दुकानाच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभा असलेला मालक मात्र स्पष्ट दिसतो. (घाईच्या माणसांना इतिहासात जागा कमी मिळते, हे काही कॅमेऱ्यापुरतेच खरे नाही.)

यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर व्हिटबी नावाचे कोळ्यांचे बंदर आहे. फ्रँक मेडो सटक्लिफ हा छायाचित्रकार तिथे राहत असे. त्याचा जन्म १८५३चा आणि मृत्यू १९४१चा. पोट भरण्यासाठी तो सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांची छायाचित्रे काढी, आणि मन रमावे म्हणून बंदरातल्या कोळ्यांची. ती छायाचित्रे आजही पाहत राहावीशी वाटतात. धुक्यातल्या होड्या, धक्क्यावर टेकलेले म्हातारे, टोपल्या घेतलेल्या मुली. पण त्या मुलींच्या टोपल्यांत काय आहे? खडकांना घट्ट चिकटलेल्या शिंपल्या त्या ओहोटीच्या वेळी खरवडून काढत. शेकडो गळांना ते आमिष लावण्याचे काम घरच्या बायकांचेच होते, आणि ते थंडीतसुद्धा चुकत नसे. आणि धक्क्यावरचे म्हातारे समुद्राकडे असे का पाहतात? ९ फेब्रुवारी १८६१ रोजी या बंदरात मोठे वादळ झाले. अडकलेल्या जहाजांवरची माणसे वाचवण्यासाठी गावकऱ्यांनी आपली जीवरक्षक होडी त्या दिवसात पुन्हा पुन्हा समुद्रात घातली. शेवटच्या खेपेस ती उलटली. होडीतल्या १३ जणांपैकी १२ जण बुडाले. सटक्लिफने ज्यांची छायाचित्रे काढली, त्यांतल्या थोराड माणसांना तो दिवस डोळ्यांदेखत आठवत असणार. हे ठाऊक असले की तेच चित्र निराळे दिसू लागते.

व्हिटबीचीच एक अलीकडची हकिगत सांगतो. त्या जुन्या देखणेपणाला भुलून बाहेरच्या लोकांनी तिथली घरे सुट्टीत राहण्यासाठी विकत घेतली. किमती इतक्या वाढल्या, की गावातल्याच मुलांना गावात घर परवडेना. जून २०२२ मध्ये गावकऱ्यांनी या प्रश्नावर मतदान केले. नवी घरे गावात कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत, असे मत देणारे ९० टक्क्यांहून अधिक निघाले. या मतदानाला कायद्याचे बळ नव्हते, तरी त्यातून गावाचे मन कळले. ज्या कोळ्यांच्या तसबिरी दिवाणखान्यात लावायच्या, त्यांच्याच नातवंडांना गाव सोडावे लागावे, हे मला रंजन वाटत नाही.

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराची गोष्ट याहून वेगळी आहे. तिथल्या दाटीच्या वस्तीत रोगराई फार होती. ती वस्ती पाडून नवे रस्ते काढावेत, असा कायदा १८६६ साली झाला. पाडण्यापूर्वी त्या बोळांची नोंद राहावी म्हणून थॉमस अ‍ॅनन याला छायाचित्रे काढण्याचे काम दिले गेले. त्याने ते १८६८ ते १८७१ या काळात केले. दोन्ही बाजूंना उंच दगडी घरे, मधे हात पसरला तर भिंतीला लागेल एवढी वाट, काठ्यांवर वाळत घातलेले कपडे आणि खाली ओल. हलल्यामुळे पुसट झालेली मुले तिथे भुतांसारखी दिसतात. पाडापाडीत घरे गेलेली माणसे पुढे कोठे राहणार, याची नोंद या चित्रांत नाही. आज हीच चित्रे सुरेख छापलेल्या पुस्तकांत असतात आणि लोक ‘जुने ग्लासगो’ म्हणून हळुवारपणे पाने उलटतात.

इथे कोणी मला अडवील आणि म्हणेल, “अहो, म्हाताऱ्या माणसाला आपल्या गावाचे जुने चित्र पाहून दोन घटका बरे वाटले तर तुमचे काय बिघडले?” हा आक्षेप मला मान्य आहे. १९६३ साली ब्रिटनमधील रेल्वेविषयी डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला. तोट्यात चालणारे मार्ग आणि २००० हून अधिक स्थानके बंद करावीत, असे त्यात सुचवले होते. त्यांतली पुष्कळ स्थानके बंद झालीही. ज्या गावातून गाडी गेली ती परत आली नाही, त्या गावच्या आजोबांना फलाटाचे जुने छायाचित्र पाहून गहिवर आला तर त्यांची थट्टा कोण करील? त्यांच्या दृष्टीने ते चित्र करमणुकीचे नाही, तो पुरावा आहे. येथे खरोखर एक स्थानक होते, मी खोटे सांगत नाही, असे ते चित्र त्यांच्या वतीने सांगते. त्यांच्या आठवणीत होफरचे ते दुखणे आहे. माझी तक्रार ज्यांनी काही गमावलेले नाही आणि तरीही जे “तो काळ किती चांगला!” म्हणतात, त्यांच्याविषयी आहे.

खरोखर गमावले त्यांचे एक उदाहरण पाहा. फ्रिथच्या जन्मगावापासून फार लांब नाही, अशा एका खोऱ्यात डरवेंट आणि अ‍ॅशॉप्टन ही दोन खेडी होती. शेफील्ड, डार्बी, नॉटिंगहॅम आणि लेस्टर या शहरांना पाणी हवे होते. म्हणून तिथे लेडीबोअर नावाचे धरण बांधले गेले आणि १९४५ साली राजा सहावा जॉर्ज याने त्याचे उद्घाटन केले. दोन्ही गावे पाण्याखाली गेली. कबरस्तानातले मृतदेह उकरून दुसऱ्या गावी पुरण्यात आले. डरवेंटचा जुना दगडी पूल चिरा चिरा सोडवून पुढे वरच्या अंगाला पुन्हा उभारला गेला. चर्चचा मनोरा तेवढा पाण्याबाहेर उभा राहिला. तो पाहायला लोक पोहत जाऊ लागले, तेव्हा धोका नको म्हणून १९४७ साली सुरुंग लावून तो पाडला. पाऊस ओढ देतो तेव्हा तळाशी गेलेल्या भिंती उघड्या पडतात. १९७६, १९९५ आणि २०१८ साली असे घडले. २०१८ साली बघ्यांची एवढी गर्दी झाली, की चिखलात रुतलेल्यांना बाहेर काढण्यासाठी बचावपथक बोलवावे लागले. त्या गर्दीत डरवेंटमध्ये जन्मलेले कितीसे असतील?

आणि आता या गोष्टीची दुसरी बाजू. १९६७ साली पाकिस्तानात झेलम नदीवर मंगला धरण पुरे झाले. जुने मिरपूर शहर आणि आसपासची खेडी त्यात बुडाली. एक लाखाहून अधिक माणसे घराबाहेर पडली. त्या भागातील पुष्कळ तरुण इंग्लंडला गेले. काही धरणाच्या आधी गेले होते, काही नंतर गेले. ब्रॅडफर्ड शहरातल्या लोकरीच्या गिरण्यांत त्यांना रात्रपाळीचे काम मिळाले. हिवाळ्यात मंगलाचे पाणी ओसरते, तेव्हा जुन्या मिरपुरातले मजार आणि मंदिरांची शिखरे वर येतात. मग लोक आपल्या वाडवडिलांच्या कबरींवर फातिहा वाचायला जातात. डरवेंट आणि मिरपूर यांची दुखणी सारखीच आहेत. ‘जुन्या ब्रिटनच्या आठवणी’ अशा नावाच्या पुस्तकांत मात्र पहिलेच सापडते. वास्तविक त्या रात्रपाळ्या हाही ब्रिटनमधल्या एका शहराचाच भूतकाळ आहे.

या माणसांचीही छायाचित्रे आहेत. ब्रॅडफर्डमध्ये १९२६ साली ‘बेल व्ह्यू’ नावाचा फोटो स्टुडिओ सुरू झाला. नवे लोक शहरात येऊ लागले, तेव्हा तेही तिथे जाऊ लागले. सूट, टाय, खिशाला पेन, मनगटावरचे घड्याळ दिसेल अशा बेताने ठेवलेला हात. हे चित्र पत्राबरोबर घरी जाई. तुम्ही जिला तस्वीर म्हणता तीच मराठीत तसबीर झाली, पण मराठीत तसबीर म्हणजे चौकट करून भिंतीवर लावलेले चित्र. तसे ते चित्र मिरपुरात भिंतीवर लागे, आणि मुलगा मजेत आहे असे आईला वाटे. एकाच पलंगावर दिवसा एकजण झोपतो आणि रात्री दुसरा, हे त्या चित्रात दिसत नसे. मुलानेच ते दिसू दिले नव्हते. इंग्रजांनी आपल्या खेड्याविषयी जी गोड फसवणूक करून घेतली, तिचा हा आपल्याकडचा नमुना म्हणावा काय? मला तसे म्हणवत नाही. आईला काळजी वाटू नये म्हणून कोणी घड्याळ पुढे केले असेल, तर त्याला फसवणूक हा शब्द जड होतो.

हा स्टुडिओ १९७५ साली बंद पडला. त्याच्या हजारो काचेच्या पट्ट्या नष्ट होता होता वाचल्या आणि शहराच्या संग्रहालयात पोचल्या. त्यांतल्या पुष्कळ चेहऱ्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. काचेवर फक्त चेहरा उमटतो. त्याच चित्राची कागदावरची एखादी प्रत झेलमच्या काठी कोणाच्या तरी भिंतीवर अजून असेल, आणि तिच्या मागे शाईने नाव, तारीख आणि उर्दूतल्या दोन ओळीही असतील. चौकट काढून कोणी ती उलटून पाहिली असेल का?