कॉपी आहे म्हणता, पण कुठे?

पोस्ट लांब आहे आणि विषय वरवर रुक्ष वाटेल. पण तुमच्या घराचे कागद, पोरांचे जन्मदाखले आणि बँकेतलं खातं या विषयावर अवलंबून आहे. म्हणून चहा घ्या आणि शेवटपर्यंत वाचा.

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. बीकेसीतल्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११.४० ला बंद पडले. सुरू झाले थेट पावणेचारला. का बंद पडले, हे एक्स्चेंजनेच नंतर सांगितलं. मुख्य केंद्रातली माहिती जवळच्या दुसऱ्या केंद्रात त्याच क्षणी कॉपी होत होती. दोन केंद्रांना जोडणाऱ्या टेलिकॉम लाइन रस्त्यावरच्या खोदकामामुळे बिघडल्या. रचना अशी होती, की लाइन तुटली तरी मूळ यंत्रणेने काम चालू ठेवावं. प्रत्यक्षात माहिती साठवणारी यंत्रणाच आखडली, जोखीम तपासणारी व्यवस्था बंद पडली आणि बाजार थांबवावा लागला. चेन्नईत पर्यायी केंद्र होतं, पण त्या दिवशी बाजार तिकडे हलवला गेला नाही.

म्हणजे मुंबईच्या रस्त्यात कुणीतरी खणलं आणि देशातला एक मुख्य शेअर बाजार चार तास बसला. कॉपी होती. एक नाही, जास्त होत्या. पण कॉपी करताना अडचण आली तर काय करायचं, हे कागदावर जसं ठरलं होतं तसं प्रत्यक्षात घडलं नाही.

यावर सेबीने काय केलं? मार्च २०२१ मध्ये नियम कडक केले. यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करा आणि मग ४५ मिनिटांत काम पूर्ववत करा. चांगलं झालं. शेअर बाजाराला ४५ मिनिटांचा शब्द मिळाला. आता आपल्या वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर जा. तिथे शब्द कोणता मिळतो? "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." उद्याही डाऊन असेल तर? परवा या.

माझं भांडण इथेच आहे.

आधी यंत्राची गोष्ट थोडक्यात. बँका, विमा कंपन्या आणि मोठमोठी खाती आजही 'टेप'च्या पद्धतीने बॅकअप घेतात. पूर्वी खऱ्या चुंबकीय फिती असायच्या, कपाटं भरभरून. आता बऱ्याच ठिकाणी डिस्कच टेपचं सोंग घेते. जुन्या प्रोग्रॅमला वाटतं आपण टेपवर लिहितोय, लिहिलं जातं डिस्कवर. याला व्हर्च्युअल टेप म्हणतात. अशी दोन-तीन यंत्रं वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून एकमेकांना जोडतात. कुठल्या माहितीची कॉपी कुठे जावी, कधी जावी आणि किती दिवस राहावी, हे यंत्र आपल्या मनाने ठरवत नाही. माणसाने ठरवून द्यावं लागतं. त्यालाच कॉपी पॉलिसी म्हणतात.

सोपं करून सांगतो. सोसायटीच्या मेंटेनन्सचं पावतीपुस्तक डोळ्यांसमोर आणा. पहिला मार्ग, खाली कार्बन ठेवून लिहायचं. मूळ आणि कॉपी एकाच वेळी तयार. दुसरा, पावती लिहून झाली की पुढचं काम थांबवून लगेच झेरॉक्स. तिसरा, संध्याकाळी सवड मिळाली की दिवसभराच्या सगळ्या पावत्यांची झेरॉक्स. चौथा, झेरॉक्सच नाही. व्हर्च्युअल टेपमध्येही मुख्य पर्याय हेच चार. कार्बनचा मार्ग सुरक्षित, पण दोन केंद्रांमधली लाइन जाड आणि भरवशाची लागते, म्हणजे महाग. संध्याकाळचा मार्ग स्वस्त, पण दुपारी आग लागली तर सकाळच्या पावत्या गेल्या.

शिवाय एक प्रश्न उरतोच. लिहिता लिहिता कार्बन फाटला तर? पावत्या देणं थांबवायचं, की कार्बनशिवाय देत राहायचं आणि कॉपी नंतर काढायची? यंत्रात यासाठीही सेटिंग असतं. बीकेसीत त्या दिवशी हाच प्रश्न उभा राहिला होता.

आता मला सांगा, हा 'टेक्निकल' निर्णय आहे का? कुणाच्या किती तासांच्या नोंदी गेल्या तरी चालतील, हे ठरवणं तांत्रिक कसं? हा कारभाराचा निर्णय आहे. पण तो होतो कुठे? टेंडरच्या शंभराव्या पानावर, नाहीतर कंत्राटदाराच्या इंजिनियरच्या स्क्रीनवर, आधीपासून टिक केलेल्या चौकोनात. नगरसेवकाला पत्ता नाही, नागरिकाला तर नाहीच नाही.

"आमची कॉपी आहे" असं सगळेच सांगतात. म्हणून पुढचा प्रश्न, कुठे आहे?

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावर सुरू झाली, वरचे मजले खाक झाले, पाच माणसं गेली. नगरविकाससारख्या खात्याच्या फायली त्यात होत्या. जळालेल्या फायली पुन्हा उभ्या करायला कशाचा आधार घ्यावा लागला? जिल्ह्यांतल्या आणि खालच्या कार्यालयांतल्या प्रतींचा. म्हणजे कुणी विचार करून ठेवलेल्या कॉप्यांपेक्षा लाल फितीच्या सवयीने दुसरीकडे पडून राहिलेले कागद कामी आले. आज कागद बंद होतोय, ई-ऑफिस आलंय, चांगलंच आहे. पण पूर्वी एक फाइल चार टेबलांवर फिरायची आणि चार ठिकाणी तिचा माग राहायचा. आता चारही टेबलं एकाच सर्व्हरकडे बघतात.

आपल्यालाच जमत नाही असं समजू नका. दक्षिण कोरिया म्हणजे डिजिटल सरकारचा आदर्श. २६ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटरीमुळे आग लागली. साडेसात लाख सरकारी कर्मचाऱ्यांसाठी केलेली 'जी-ड्राइव्ह' नावाची साठवण तिथे होती. ८५८ टेराबाइट माहिती गेली. बाहेर कॉपी का नव्हती? उत्तर आलं, साठा इतका मोठा होता की बॅकअप घेणं जमत नव्हतं. त्याच ड्राइव्हवर कामाचे कागद ठेवा, असं कर्मचाऱ्यांना सांगितलेलं होतं! म्हणून "आमचं सगळं क्लाउडवर आहे" असं कुणी ऐकवलं तर हुरळून जाऊ नका. क्लाउड म्हणजे शेवटी कुठल्यातरी इमारतीतली कुठलीतरी खोली.

बरं, कॉपी दुसऱ्या इमारतीत आहे. किती लांब? मुलुंडचं केंद्र आणि कॉपी ऐरोलीला, पुलापलीकडे. कागदावर दोन शहरं, दोन महापालिका. पण पाऊस एकच आणि वीजही एकाच जाळ्यातली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ज्यांनी तो अंधेरी-घाटकोपरला पाहिलाय त्यांना तळमजल्यावर सर्व्हर ठेवण्यातला धोका समजावून सांगायची गरज नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला वीज गेली तेव्हा मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदमच अंधारात गेली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. तेव्हा जवळची कॉपी हवीच, काम पटकन सुरू करायला. पण एक कॉपी घाटाच्या पलीकडे, वेगळ्या पावसाच्या आणि वेगळ्या विजेच्या मुलखात नको का?

आणखी एक गोष्ट सांगतो, जी बरेच साहेब विसरतात. कार्बन कॉपी प्रामाणिक असते. तुम्ही चुकीचं लिहिलं की तीही चुकीचंच उमटवते. खंडणीखोर व्हायरस घुसून फायलींना कुलूप लावतो तेव्हा त्या क्षणाची कॉपीही कुलूपबंद होते. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर असा हल्ला झाला. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती अडकली. देशातल्या सगळ्यात मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एक जवळपास दोन आठवडे हाताने कागद लिहीत होतं. माहिती परत कशी मिळाली? सरकारने संसदेत सांगितलं, हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. तेव्हा नेटवर्कपासून तोडलेली, कुणालाही बदलता न येणारी एक तरी कॉपी हवी. ज्या टेपला आपण जुनाट म्हणून हसतो, ती इथे कामाला येते. काढून कपाटात ठेवलेल्या टेपपर्यंत व्हायरस पोहोचत नाही.

हे आपल्या दारापर्यंतही आलंय. जुलै २०२४ च्या शेवटी सी-एज या कंपनीवर असाच हल्ला झाला. ती देशभरातल्या छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवते. पेमेंट महामंडळाने खबरदारी म्हणून तिला जाळ्यातून वेगळं काढलं, आणि सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडकले. आपल्या उपनगरातल्या मध्यमवर्गाची निम्मी ठेव कुठे असते? मराठी माणसाने काढलेल्या नाक्यावरच्या सहकारी बँकेत. वार्षिक सभेत आपण लाभांश विचारतो, भेटवस्तू विचारतो. कॉपी कुठे ठेवता, हे कुणी विचारलंय?

काही जण म्हणतील, एवढा गहजब कशाला? म्हणून आपल्या भागापुरतं सांगतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखला हाच मुख्य कागद झालाय, शाळेपासून पासपोर्टपर्यंत. घाटकोपर-अंधेरीच्या झोपडीवाल्याचं मोफत घर १ जानेवारी २००० च्या आधीच्या पुराव्यावर ठरतं. परिशिष्ट-२ मध्ये नाव आहे की नाही, यावर आयुष्य फिरतं. बोरिवली-मुलुंडच्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्यात, त्यांना मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र लागतं. यातली एक नोंद 'सापडत नाही' झाली की ज्याच्याकडे वकील आहे तो टिकतो, ज्याच्याकडे नाही तो दलालाकडे जातो. नोंद हरवण्याचा धंदा करणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत, हे मी तुम्हाला सांगायला हवं का?

आता साहेबांची ठरलेली उत्तरं.

"खर्च वाढेल." मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटींचं होतं. आणि सगळ्याच माहितीला तीन कॉप्या द्या असं कोण म्हणतंय? पॉलिसी करायची ती नेमकी याचसाठी. जन्म-मृत्यू, मिळकत, इमारत परवानग्या यांना सगळ्यात वरचा दर्जा. कायम ठेवा, कार्बनची कॉपी करा आणि एक लांब पाठवा. तक्रारींच्या नोंदींना संध्याकाळची कॉपी चालेल. फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण ठरावीक दिवसांनी पुसा. सरसकट सगळं एका टोपलीत टाकलं की महत्त्वाचंही स्वस्तातल्या मार्गाने जातं आणि बिनमहत्त्वाचं जागा खात बसतं.

"सुरक्षेचा प्रश्न आहे, सांगता येणार नाही." पासवर्ड नकोय. इमारतीचा पत्ताही नकोय. किती कॉप्या, किती अंतरावर, शेवटची चाचणी कधी, एवढं सांगितल्याने कुठला चोर आत येतो?

"आमचा कंत्राटदार बघतो." महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा आहे. नोंदी सांभाळायची जबाबदारी तो कार्यालयावर टाकतो. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ नोंदी सूचीबद्ध ठेवायला आणि संगणकावर आणायला सांगतं. काम कंत्राटावर देता येतं, जबाबदारी देता येत नाही.

पालिकेकडे कॉपीच नाही असा माझा आरोप नाही. माझी मागणी एका पानाची आहे. प्रत्येक वॉर्ड ऑफिसच्या दारावर, मग ते अंधेरीचं के-पूर्व असो, बोरिवलीचं आर-मध्य, मुलुंडचं टी की घाटकोपरचं एन, सहा ओळी लावा.

१. कुठल्या नोंदीच्या किती कॉप्या आहेत?
२. सगळ्यात लांबची कॉपी किती किलोमीटरवर आहे?
३. ती मूळ नोंदीपेक्षा किती तास मागे असते?
४. नेटवर्कपासून तोडलेली, बदलता न येणारी कॉपी आहे का?
५. कॉपीवरून सगळं परत उभं करून शेवटचं कधी पाहिलं?
६. नोंद किती वर्षं ठेवता आणि ती पुसायच्या आदेशावर सही कुणाची लागते?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. परत उभी करून न पाहिलेली कॉपी म्हणजे बिल्डिंगच्या जिन्यातलं ते लाल अग्निशामक नळकांडं. भिंतीवर शोभतं, आग लागल्यावर कळतं आत काहीच नाही.

साहेब लोक आपणहून हे लावतील या आशेवर बसू नका. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एका विषयावर असावा लागतो, आणि हे सहा प्रश्न त्यात आरामात बसतात. प्रश्न इथूनच उचला, आपल्या वॉर्डाचं नाव घाला आणि द्या. सहकारी बँकेचे सभासद असाल तर येत्या वार्षिक सभेत हेच सहा प्रश्न लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंदवायला लावा.

ज्याला उत्तर येईल त्याने ते इथे कॉमेंटमध्ये टाकावं, नाव-पत्ता झाकून. कुठल्या वॉर्डाने काय कळवलं याची यादी मी याच पानावर लावत जाईन. ज्यांचं उत्तर चांगलं असेल त्यांचं जाहीर कौतुक करू. ज्यांचं उत्तर ३० दिवसांत येणार नाही, त्यांच्यासाठी पहिलं अपील आहेच.