पश्चिमेस अरबी समुद्र

मी फौजदारी वकील आहे. बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने उभा राहतो, आणि माझ्या चुलीतलं निम्मं सरपण पोलिसांच्या लिखाणातून येतं. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरचा कुठलाही घटनास्थळ पंचनामा उघडा. चतुःसीमा ठरलेली: पूर्वेस रस्ता, दक्षिणेस माडांची बाग, उत्तरेस मोकळी जागा, पश्चिमेस अरबी समुद्र. विजयदुर्गापासून रेडीपर्यंत सुमारे १२१ किलोमीटर किनारा आहे. त्यातला कोणता तुकडा या वर्णनात बसत नाही ते दाखवा. कोर्टात मी पंचाला एवढंच विचारतो की ही जागा मालवणच्या दांडी किनाऱ्याची की चिवल्याची, आणि खाली बसतो.

हे कागद लिहिणाऱ्या नव्या पोलीस पोरांना दोष देऊन उपयोग नाही. पोलीस भरती जिल्हावार होते, पण उमेदवार राज्यभरातून येतात. निवड झाली की नऊ महिने प्रशिक्षण केंद्रात कवायत, गोळीबार, कायद्याची कलमं. मग ठाण्यात हजर. तिथे त्याला गुन्हे नोंदणीच्या (सीसीटीएनएस) संगणकासमोर बसवतात आणि जुना रायटर, म्हणजे ठाण्याचा लेखनिक, सांगतो, ‘ती मागच्या महिन्याची फिर्याद उघड, नावं बदल, तारीख बदल.’ रायटरलाही त्याच्या रायटरने हेच सांगितलेलं असतं. लिहायला कोणी शिकवतच नाही. शिकवतात ती नक्कल.

म्हणून खारेपाटणपासून बांद्यापर्यंत महामार्गावरचा प्रत्येक अपघात ‘हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात’ होतो. हा निष्कर्ष आहे, आणि तो काढणं न्यायाधीशाचं काम. अंमलदाराचं काम ब्रेकच्या खुणा किती लांब होत्या, काच कुठे सांडली होती, पाऊस होता की नव्हता, गाडी कोणत्या बाजूला तोंड करून उभी होती, हे लिहिण्याचं. तेवढंच नेमकं नसतं.

एक प्रकरण सांगतो, गाव सांगत नाही. दोन घरांत गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणावरून, जुना वाद. शेजारी बाईच्या खळ्यात (अंगणात) शिरला आणि त्याने तिला ढकललं. ती ठाण्यात म्हणाली, ‘माका ढकलल्यान, मी पायरेर पडलंय, हात मोडलो.’ तीन वाक्यांत कोणी, कुठे, कसं, सगळं आलं. फिर्यादीत काय उतरलं? ‘संगनमताने शिवीगाळ करून हाताच्या थापटाने व लाथाबुक्क्यांनी मारहाण केली व जीवे मारण्याची धमकी दिली.’ माणूस एकटा होता, तरी संगनमत. पायरीचा पत्ता नाही. कोर्टात बाईने पायरीवर पडल्याचं सांगितलं. मी विचारलं, हे फिर्यादीत का नाही? ती म्हणाली, ‘मी सांगितलंय, तेंनी लिवूक नाय.’ डॉक्टरांना विचारलं, मनगटाचं असं हाड पडून मोडू शकतं का? हो म्हणाले. फिर्यादीत तर पडल्याचा उल्लेखच नाही. आरोपी सुटला आणि मला पेढे देऊन गेला. ती बाई ठाण्यात खरं बोलली होती, कोर्टातही खरं बोलली. मधल्या कागदाने तिला खोटं पाडलं.

यावर पोलीस अधिकाऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं: फिर्याद म्हणजे विश्वकोश नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानेच अनेकदा सांगितलंय. बरोबर आहे. विश्वकोश मागतोय कोण? वर लिहिलेली तीन वाक्यं पुरली असती.

समुद्राकाठी या नकलेची किंमत आणखी वाढते. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरी भूतनाथच्या किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले आठ जण बुडाले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. एरवीही हंगामात कोणी ना कोणी बुडतं, आणि अकस्मात मृत्यूच्या नोंदीत ठरलेली ओळ पडते: ‘पाण्याचा अंदाज न आल्याने बुडून मयत.’ अंदाज आला नाही हे कोणी पाहिलं? मेलेल्या माणसाने जबाब दिला का? या एका ओळीने सगळी जबाबदारी प्रेतावर टाकून कागद बंद होतो. भरती होती की ओहोटी, किनाऱ्यावर धोक्याचा फलक होता का, जीवरक्षक होता का, बोटीत माणसं किती आणि जॅकेटं किती, बोट कोणाच्या परवान्यावर चालत होती, हे प्रश्न त्या ओळीखाली गाडले जातात. किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. तो तिथी मोजून भरतीची वेळ सांगेल. त्याचा जबाब घ्यावा हे त्या पोराला कोणी सांगितलेलं नसतं. पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीविरुद्धच्या तक्रारींतही तेच. किनाऱ्यापासून अंतर किती, पाणी किती वाव, तारीख काय, यावर बोट कायद्यात की बाहेर हे ठरतं. कागदावर असतं ‘समुद्रात’.

साध्या लिखाणाची ताकद मालवणने पाहिली आहे. २६ ऑगस्ट २०२४ रोजी राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला, तेव्हा नेतेमंडळी वाऱ्याच्या वेगावर बोलत होती. पण नटबोल्ट गंजल्याचं सार्वजनिक बांधकाम विभागाने २० ऑगस्टलाच नौदलाला लिहून कळवलेलं होतं. पाहिलेली गोष्ट तारखेसह लिहिलेली असली की भाषणांना तिच्याभोवती फिरावं लागतं.

वरिष्ठांना याची जाणीव नाही असं नाही. उपायच भलतीकडे जातात. दिल्लीत उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये विचारणा केल्यावर तिथल्या पोलिसांनी ३८३ अवघड उर्दू-फारसी शब्दांची यादी काढून ते टाळायला सांगितलं. आपल्याकडेही अधूनमधून ‘सोप्या मराठीत लिहा’ असं फर्मान निघतं. ‘इसम’च्या जागी ‘माणूस’ लिहिल्याने पायरी फिर्यादीत येत नाही. २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने साक्षीदारांचे जबाब एकाचे उचलून दुसऱ्याला चिकटवलेले पाहून फटकारलं, ते काही शब्द अवघड होते म्हणून नव्हे. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं, तेव्हा आता कॅमेराच सगळं पाहील असं ऐकू येतं. कॅमेरा प्रश्न विचारत नाही, आणि फिर्याद अजूनही टंकलिखितच होते. त्यात २०२५ मध्येच पदवीधर अंमलदारांनाही किरकोळ गुन्ह्यांचा तपास देण्याचा निर्णय राज्याने घेतला आहे. म्हणजे आता नक्कल उतरवणारेच तपासही करतील.

करायचं ते स्वस्त आहे. प्रशिक्षणात दोघांचं खोटं भांडण लावा, बाकीच्यांना लगेच लिहायला बसवा, आणि तो कागद घटना न पाहिलेल्या माणसाच्या हाती द्या. त्याला जागा सापडली नाही की पुन्हा लिहा. मग एखाद्या वकिलाला बोलवून उलटतपासणी घ्या. मी फुकट येईन. सिंधुदुर्गात येणाऱ्या प्रत्येक नव्या अंमलदाराला आठवडाभर एखाद्या पोलीस पाटलाबरोबर फिरवा. खळं, गडगा, मांगर, व्हाळ, पाणंद त्याने डोळ्यांनी पाहू दे. नांदेडच्या पोराला मालवणी कळत नाही हा त्याचा गुन्हा नाही. सहा वर्षं इथे काढूनही त्याला ती कोणी शिकवली नाही, हा खात्याचा आहे. आणि फिर्यादीचं मुख्य वाक्य फिर्याद देणारी व्यक्ती बोलली तसंच, मालवणीत, अवतरणचिन्हांत उतरवा.

खातं हे कधी करेल ते करो. तुमच्यावर ठाण्यात जायची वेळ आली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ लक्षात ठेवा: तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून ती तुम्हाला वाचून दाखवणं बंधनकारक आहे. ती पूर्ण ऐका. तुम्ही सांगितलेली जागा, वेळ आणि घडलेली गोष्ट त्यात नसेल, आणि न सांगितलेल्या लाथाबुक्क्या असतील, तर दुरुस्ती होईपर्यंत सही करू नका. प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. ती विनामूल्य द्यायची असते.