विश्लेषण : निवृत्त फौजी पुन्हा पुन्हा का भेटतात? खान्देशातल्या मेळाव्यांमध्ये आठवणींपलीकडे काय घडतं?

१४ जानेवारीला घरोघरी संक्रांतीची गडबड असते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या माजी सैनिकांच्या घरात मात्र या तारखेला आणखी एक अर्थ आहे. भारताचे पहिले भारतीय लष्करप्रमुख जनरल (पुढे फील्ड मार्शल) के. एम. करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले. त्यांच्या स्मरणार्थ २०१६ पासून हा दिवस माजी सैनिकांचा दिन म्हणून पाळला जातो. याशिवाय २६ जुलैचा कारगिल विजय दिवस, ७ डिसेंबरचा ध्वजदिन, १६ डिसेंबरचा विजय दिवस आणि प्रत्येक पलटणीचा स्वतःचा स्थापना दिवस असतोच. या तारखांच्या आसपास तालुक्याच्या गावी एखादं मंगल कार्यालय घेतलं जातं. जुने फौजी जमतात, ‘राम राम साहेब’ होतो, शहिदांना मानवंदना दिली जाते आणि मग ‘बडा खाना’.

बाहेरून पाहणाऱ्याला हे शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या गेट-टुगेदरसारखं वाटतं. पण या भेटींत गप्पांइतकंच महत्त्वाचं दुसरंही काम चालतं. कोणाची पेन्शन चुकली आहे, कोणाच्या पत्नीचं नाव कागदावर वेगळं आहे, कोण आजारी आहे, कोण वर्षभर फोन उचलत नाही, हे इथेच कळतं.

मेळावे किती प्रकारचे असतात?

ढोबळमानाने दोन. पहिला जिल्हा किंवा तालुका पातळीवरचा. त्यात सगळ्या रेजिमेंटचे, तसंच नौदल आणि हवाई दलाचेही लोक असतात. त्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे गाव. बोलणं होतं ते पेन्शन, दवाखाना, कॅन्टीन, मुलांच्या नोकऱ्या आणि घरपट्टीची माफी यांवर. दुसरा प्रकार पलटणीचा किंवा भरतीच्या बॅचचा. त्यात एकत्र ट्रेनिंग घेतलेले, एकाच कंपनीत राहिलेले लोक असतात. जळगावचा, साताऱ्याचा, बेळगावचा आणि लातूरचा माणूस वर्षातून एकदा एका ठिकाणी येतो. तिथे बोलणं होतं ते सियाचिनच्या थंडीचं, पहिल्या पोस्टिंगचं, उस्तादाच्या शिव्यांचं आणि परत न आलेल्या सोबत्यांचं.

पहिल्या मेळाव्यात प्रश्न मांडले जातात, दुसऱ्यात आठवणी. प्रत्यक्षात मात्र अनेकदा प्रश्नांची उत्तरं त्या आठवणींतच सापडतात. ते कसं, हे पुढे पाहू.

खान्देशात या भेटींची गरज जास्त का?

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान मारले गेले. आजही तिथे पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जाणारी घरं आहेत. अशा गावात निवृत्त सैनिकाला मेळाव्याची वाट पाहावी लागत नाही. पारावर बसलं की चार फौजी भेटतात.

खान्देशाचं चित्र वेगळं आहे. लष्कराशी या भागाचा संबंध जुना आहे. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम यांनी धरणगाव इथे खान्देश भिल्ल कोअर उभी केली होती. स्वातंत्र्यानंतर भुसावळ आणि वरणगाव इथे आयुध निर्माणी आल्या. पण पश्चिम महाराष्ट्रासारखा सलग ‘फौजी पट्टा’ इथे तयार झाला नाही. रावेरपासून साक्रीपर्यंत पसरलेल्या या दोन जिल्ह्यांत सैनिक विखुरलेले आहेत. एखाद्या गावात दोन माजी सैनिक असले, तरी एक तोफखान्याचा आणि दुसरा सिग्नलचा निघतो.

शिवाय सैनिकाचे मूळ कागद जिथे असतात, ती अभिलेख कार्यालयं दूर आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे तोफखान्याचं, नाशिक रोडला. शिरपूर किंवा यावल तालुक्यातल्या खेड्यातून एका दुरुस्तीसाठी बेळगावला जायचं, तर जाऊन-येऊन तीन-चार दिवस मोडतात. अशा वेळी तिथल्या कारकुनीची माहिती असलेला जुना सोबती फोनवर सापडला, तर बराच फेरा वाचतो.

जवान साधारण १५ ते १७ वर्षांच्या सेवेनंतर, म्हणजे पस्तिशी-चाळिशीत घरी परततो, हेही लक्षात घ्यायला हवं. गाव त्याची मिरवणूक काढतं, फुलं उधळतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र प्रश्न सुरू होतात. शेती भावाने सांभाळलेली असते, मुलं बापाशिवाय मोठी झालेली असतात आणि पुढची तीस-चाळीस वर्षं समोर असतात. बँकेतली किंवा कंपनीतली सुरक्षारक्षकाची नोकरी, राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत असलेलं १५ टक्के आरक्षण, महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळाचं म्हणजे मेस्कोचं काम, यांची खात्रीची माहिती बहुतेकांना आधी निवृत्त झालेल्या सोबत्याकडूनच मिळते.

आठवणींचा पेन्शनशी काय संबंध?

‘वन रँक वन पेन्शन’चं उदाहरण घेऊ. या योजनेची अधिसूचना ७ नोव्हेंबर २०१५ रोजी निघाली आणि ती १ जुलै २०१४ पासून लागू झाली. तत्त्व असं की, हुद्दा आणि सेवेची वर्षं सारखी असतील तर निवृत्ती कधीही झालेली असो, पेन्शन सारखी मिळावी. दर ५ वर्षांनी फेरआढावा ठरलेला आहे. त्यानुसार १ जुलै २०१९ आणि १ जुलै २०२४ पासून दर बदलले.

एकट्या माणसाला आपली रक्कम बरोबर आहे की नाही, हे तक्ते वाचून ताडणं कठीण जातं. बॅचच्या भेटीत ते सोपं होतं. एकाच दिवशी भरती झालेले, एकाच हुद्द्यावर, तेवढ्याच सेवेनंतर निवृत्त झालेले दोघं आपापली स्लिप शेजारी शेजारी ठेवतात. ग्रुप आणि इतर भत्तेही सारखे असून फरक दिसला, तर कुठेतरी चूक आहे.

अपंगत्व पेन्शनचंही तसंच. दुखापत किंवा आजार लष्करी सेवेमुळे झाला किंवा वाढला, हे नोंदींवरून दिसावं लागतं. वीस वर्षांनंतर माणसाला नेमकी तारीख आठवत नाही, कोणत्या फील्ड हॉस्पिटलात नेलं होतं तेही आठवत नाही. त्याला स्ट्रेचरवर उचलून नेणाऱ्याला मात्र ते आठवतं. मित्राची आठवण हा पुरावा नसतो, पण पुरावा कुठे शोधायचा हे तिच्यामुळे कळतं.

आता पेन्शनचं काम ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर गेलं आहे. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. तरुण निवृत्तांना हे सोयीचं आहे. सत्तरी-पंचाहत्तरीतल्या सुभेदारांना पासवर्ड, ओटीपी आणि बदललेला मोबाइल नंबर यांनी जेरीस आणलं आहे. दाखला राहिला तर पेन्शन थांबते. त्यामुळे मेळाव्याच्या मांडवात एका बाजूला मानवंदना आणि दुसऱ्या बाजूला लॅपटॉप घेऊन बसलेला एखादा निवृत्त क्लार्क, हे आता नेहमीचं दृश्य झालं आहे.

मेळाव्याची खरी परीक्षा कुठे होते?

सैनिकाच्या मृत्यूनंतर. कुटुंब पेन्शन सुरू व्हायची, तर पत्नीचं नाव आणि जन्मतारीख सेवेच्या नोंदीत, पेन्शनच्या आदेशात आणि आधारवर जुळावी लागते. महाराष्ट्रात लग्नानंतर मुलीचं आडनाव बदलतं. जुन्या पिढीत पाळण्यातलं नावही बदलत असे. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं आणि हाक मारायचं तिसरं. फौजेत असताना नवऱ्याने घाईत जे लिहून दिलं, ते तसंच राहिलं. तो असताना ही चूक एका अर्जाने दुरुस्त होऊ शकते. तो गेल्यावर तीच चूक विधवेला कार्यालयांच्या पायऱ्या झिजवायला लावते.

या कामासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं आणि तिथे मदत मिळतेही. पण कार्यालयाला कळवायला कोणीतरी लागतं. नवऱ्याचे सोबती घरी येणारे असतील, तर वहिनींना कोणता कागद कुठे द्यायचा हे कळतं. नवरा मेळाव्यांना जातच नसेल, तर त्याच्यामागे कुटुंबाला फौजेतलं कोणीच ओळखत नाही.

शहिदांच्या घरी या नात्याचं मोल आणखी वेगळं आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये श्रीनगरजवळ झालेल्या हल्ल्यात चाळीसगाव तालुक्यातल्या पिंपळगावचे तरुण जवान यश देशमुख शहीद झाले. अशा प्रसंगी अंत्यसंस्काराला पंचक्रोशी लोटते. पुढच्या वर्षांत मात्र आईवडिलांना हवा असतो तो आपल्या मुलाबरोबर राहिलेला माणूस. तो काय खायचा, कशावर हसायचा, शेवटच्या दिवसांत काय बोलत होता, हे फक्त तोच सांगू शकतो.

जगभरात काय अनुभव आहे?

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत १९१९ मध्ये अमेरिकन लीजन आणि ब्रिटनमध्ये १९२१ मध्ये ब्रिटिश लीजन स्थापन झाली. दोन्ही संघटनांची सुरुवात परतलेल्या सैनिकांनी एकमेकांना धरून राहण्यातून झाली आणि पुढे त्या पेन्शन आणि पुनर्वसनाच्या धोरणांवर प्रभाव टाकू लागल्या.

ग्लेन एल्डर आणि एलिझाबेथ क्लिप या अमेरिकी संशोधकांनी दुसरं महायुद्ध आणि कोरियन युद्धातल्या माजी सैनिकांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांनी लढाईत सोबती गमावले, त्यांची आपल्या तुकडीतल्या लोकांशी मैत्री चाळीस वर्षांनंतरही टिकून असण्याची शक्यता अधिक दिसली. घरच्यांशी न बोललेल्या गोष्टी ही माणसं एकमेकांशी बोलतात. खान्देशातल्या कोणत्याही फौजीच्या पत्नीला हे वेगळं सांगायला नको.

या भेटींच्या मर्यादा काय?

पहिली मर्यादा म्हणजे जो येतो त्यालाच फायदा होतो. निमंत्रण व्हॉट्सअॅपवर जातं. साधा फोन वापरणारा, अंथरुणाला खिळलेला किंवा वर्गणी द्यायला संकोचणारा माणूस हळूहळू यादीतून गळतो. पेन्शनसाठी लागणारी १५ वर्षं पूर्ण न करता परतलेल्यांची स्थिती सर्वांत बिकट असते. ६५ वर्षांवरील, पेन्शन नसलेल्या गरजू माजी सैनिकांना आणि विधवांना केंद्राकडून मासिक मदत मिळते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती ४ हजारांवरून ८ हजार रुपये करण्यात आली. पण तिच्यासाठी अर्ज करावा लागतो आणि अशी मदत असते हेच अनेकांना माहीत नसतं. मेळाव्यात न येणाऱ्यांत हीच माणसं जास्त असतात.

दुसरी मर्यादा फाटाफुटीची. एकाच तालुक्यात दोन-दोन संघटना उभ्या राहतात आणि निवडणुका जवळ आल्या की व्यासपीठावर पुढाऱ्यांची गर्दी होते. भाषणं लांबतात आणि ज्याचं काम अडलंय तो मागच्या खुर्चीवर बसून राहतो. तिसरी मर्यादा म्हणजे वीरनारींचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिलं जातं, पण संघटनेच्या कामकाजात त्यांना जागा क्वचित मिळते.

पुढचा प्रश्न कोणता?

अग्निवीरांचा. अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. त्या घोषणेनुसार साडेसतरा ते २१ वर्षांच्या तरुणांची ४ वर्षांसाठी भरती होते आणि त्यांतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे नियमित सेवेत घेतलं जातं. बाकीचे सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी घेऊन घरी परततात. योजनेच्या अटींनुसार त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएसचे उपचार नाहीत. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ च्या सुमारास सुरू झालं. म्हणजे तिची ४ वर्षं २०२६ अखेर आणि २०२७ च्या सुरुवातीला पूर्ण होतात.

हे तरुण त्याच पलटणींत राहिले, त्याच चौक्यांवर उभे राहिले. त्यांच्याकडे आठवणी आहेत, पण माजी सैनिकाचं ओळखपत्र नाही. जिल्हा संघटनांचं सदस्यत्व बहुधा त्या ओळखपत्रावर ठरतं. पंचविशीच्या आत घरी आलेल्या मुलाला कोणती भरती निघाली, केंद्रीय पोलीस दलांतल्या राखीव जागांसाठी काय लागतं, सेवा निधी कुठे गुंतवावा, हे सांगणाऱ्या अनुभवी माणसांची सर्वांत जास्त गरज आहे. नेमका तोच मांडवाबाहेर राहण्याची शक्यता आहे.

सरकारने दर्जा द्यावा की नाही, हा धोरणाचा वाद आहे आणि तो दिल्लीत सुटेल. पण मेळाव्याला कोणाला बोलवायचं, हे जळगाव-धुळ्यातल्या जुन्या फौजींच्याच हातात आहे. त्यासाठी शासन निर्णयाची गरज नाही. सदस्यत्वाच्या नियमात एक ओळ वाढवावी लागेल आणि गावात परतलेल्या पोराला एक फोन करावा लागेल. आजवर या भेटी टिकल्या त्या अशाच फोनमुळे.