केसपेपरवर एक प्रश्न छापा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



हिपॅटायटिस सी या लिव्हरच्या आजाराची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे ही सोय झाली, त्याबद्दल मनापासून आभार. पण सोय असूनही माणसं तिथवर पोचत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 सालच्या अंदाजानुसार भारतात सुमारे 55 लाख लोकांच्या शरीरात या आजाराचा विषाणू आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नाही. त्यांना शोधायचं तर आपणच त्यांना विचारलं पाहिजे. म्हणून माझी एक मागणी आहे. राज्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर एक प्रश्न छापावा : ‘2001 पूर्वी तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं का?’ उत्तर ‘हो’ आलं, तर त्याच दिवशी तपासणीसाठी रक्त घ्यावं.

2001 हे साल का, तेही सांगते. हा विषाणू शास्त्रज्ञांना ओळखता आला 1989 मध्ये. आपल्या रक्तपेढ्यांमध्ये दात्याच्या रक्ताची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी बंधनकारक झाली 2001 मध्ये. त्याआधी, 1 जानेवारी 1998 पर्यंत, पैसे घेऊन रक्त देणाऱ्या व्यावसायिक दात्यांचं रक्तही सर्रास वापरलं जात होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते बंद झालं. त्या काळात बाळंतपणात, अपघातात, मोठ्या ऑपरेशनमध्ये ज्यांना रक्त चढवलं गेलं, ती माणसं आज आपल्यातच आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपातून वाचलेले जखमी आहेत, त्याच वर्षीच्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांतले जखमी आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना रक्त घ्यावं लागलं, त्यांचे जीव त्या रक्तानेच वाचले. दात्यांचा त्यात काही दोष नाही, डॉक्टरांचाही नाही. पण त्या रक्ताची ही एक तपासणी तेव्हा सक्तीची नव्हती. ती राहून गेलेली तपासणी आता त्या माणसांची करून देणं हे शासनाचं कर्तव्य आहे.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहिते आहे. 1996 मध्ये बाळंतपणात फार रक्तस्राव झाला म्हणून मला रक्त चढवलं होतं. पुढे कित्येक वर्षं मला काही त्रास नव्हता. पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी नेहमीच्या रक्ततपासण्या झाल्या आणि कागदावर ‘पॉझिटिव्ह’ आलं. एका खासगी रुग्णालयात, पॅसेजमध्ये, चारचौघांसमोर मला ते सांगण्यात आलं. ऑपरेशन पुढे ढकललं आणि याचा अर्थ काय ते कुणी समजावलं नाही. घरी येऊन मी माझं ताट-वाटी वेगळी काढली. त्याची काहीच गरज नव्हती. हा आजार रक्तातून पसरतो. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, बाळाला अंगावर पाजल्याने पसरत नाही. एवढं एक वाक्य त्या वेळी कुणी बोललं असतं, तर आमच्या घरातले ते दिवस फार वेगळे गेले असते.

आपल्याकडे कावीळ म्हणजे पिवळे डोळे आणि पिवळी लघवी, असंच लोक मानतात. डोळे पिवळे झाले की औषध शोधायचं, एरवी नाही. हिपॅटायटिस सी बहुतेक वेळा हे काहीच दाखवत नाही. वीस-तीस वर्षं तो लिव्हरमध्ये गुपचूप राहतो. पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते, तोवर अनेकांना सिरॉसिस झालेला असतो, काहींना लिव्हरचा कॅन्सरही. लक्षणांची वाट पाहण्यात हाच धोका आहे.

तपासणी दोन टप्प्यांची असते, आणि दुसरा टप्पा आपल्याकडे फार वेळा राहून जातो. पहिल्या चाचणीत अँटिबॉडी पाहतात. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढंच कळतं. साधारण तिघांपैकी एकाचं शरीर पहिल्या सहा महिन्यांत उपचाराविनाच विषाणूला बाहेर काढतं. विषाणू आजही आहे की नाही, हे आरएनए चाचणी सांगते. संसर्ग नुकताच झाला असेल, तर अँटिबॉडी दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात. जुन्या रक्ताच्या बाबतीत ती अडचण नाही. आरएनए सापडला, तर बहुतेकांना 12 आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात आणि 95 टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. मीही झाले. 2013 मध्ये या गोळ्यांतल्या सोफोसबुव्हिर या औषधाची एक गोळी अमेरिकेत 1000 डॉलरला होती. आज ते भारतीय कंपन्या बनवतात आणि सरकारी केंद्रात ते फुकट मिळतं. इतकी मोठी सोय हाताशी असताना माणसं न विचारल्यामुळे दगावतात, हे मला सहन होत नाही.

केसपेपरवरच्या प्रश्नाला आणखी काही गोष्टींची जोड हवी. तिशी ओलांडलेल्यांचा जो फॉर्म आशाताई घरोघरी भरतात, त्यातही हा प्रश्न यावा. त्याच्यासोबत डायलिसिस, जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेणं, उकळून पुन्हा वापरलेल्या काचेच्या सिरिंजने घेतलेली इंजेक्शनं आणि सुईने घेतलेली नशा, यांचीही चौकशी व्हावी. मात्र ती एकांतात आणि दोष न देता. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आलेल्याचं रक्त आरएनए चाचणीसाठी दवाखान्यानेच पुढे पाठवावं, रुग्णाला जिल्ह्याच्या गावी हेलपाटे घालायला लावू नयेत. सोबत हिपॅटायटिस बीचीही तपासणी व्हावी, कारण दोन्ही असतील तर उपचारात जास्त काळजी घ्यावी लागते. बऱ्या झालेल्याला तसं लेखी प्रमाणपत्र मिळावं. अँटिबॉडी आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, आणि पुढच्या प्रत्येक रुग्णालयात त्याला नव्याने खुलासा करत बसावं लागू नये.

या मागणीसाठी नवं रुग्णालय बांधायला नको, नवं औषध शोधायला नको. आपल्या विभागाचा एक आदेश पुरेसा आहे. येत्या 28 जुलैच्या जागतिक हिपॅटायटिस दिनाला व्याख्यानं आणि फेऱ्या होतीलच. त्याआधी हा आदेश निघावा, अशी कळकळीची विनंती आहे.

आणि हे पत्र वाचणाऱ्यांनो, आदेशाची वाट पाहू नका. तुम्हाला, तुमच्या आईला, वडिलांना 2001 पूर्वी रक्त चढवलं असेल, तर या आठवड्यातच जिल्हा रुग्णालयात जा आणि हिपॅटायटिस सीची तपासणी मागून घ्या. पॉझिटिव्ह आलं तर आरएनए चाचणी झाल्याशिवाय परत येऊ नका.

आपली नम्र,
या आजारातून बरी झालेली एक नागरिक