नख पुन्हा येते, पण…

गिरगाव, परळ, लालबाग येथील जुन्या चाळींची लाकडी दारे जड असतात. दुपारी गॅलरीतून वाऱ्याचा झोत आला की ती धाडकन मिटतात आणि बिजागरीच्या फटीत नातवंडाचे बोट चेमटते. आई-वडील कामावर असतात, घरी आजी-आजोबाच. अशा वेळी ‘नख काय, पुन्हा येईल’ असे म्हणून हळद दाबली जाते.

नख पुन्हा येते, हे खरे. परंतु ते सरळ येईल की वेडेवाकडे, हे नखाखालच्या नाजूक त्वचेवर आणि नखाच्या मुळावर अवलंबून असते. शिवाय मुलांच्या बोटाच्या शेवटच्या हाडाची वाढ जेथून होते, तो भाग नखाच्या मुळालगतच असतो. म्हणून दुखापत नखाची दिसली, तरी ती हाडापर्यंत पोहोचलेली असू शकते.

प्रथम बोट वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरावे. अंगठी किंवा दोरा असल्यास सूज चढण्यापूर्वी काढावा. स्वच्छ सुती कापडाने दहा मिनिटे सलग दाब द्यावा. मध्येच उघडून पाहू नये. हात छातीपेक्षा उंच ठेवावा. बर्फ लावायचा तर कापडात गुंडाळूनच. हळद, कॉफीची पूड, टूथपेस्ट यांपैकी काहीही भरू नये. त्याने जखम मळते आणि डॉक्टरांना ती नीट दिसत नाही. अर्धवट सुटलेले नख ओढू नये.

नखाखाली रक्त साकळून ते काळेनिळे झाले आणि ठणका असह्य असेल, तर डॉक्टर नखाला बारीक छिद्र पाडून रक्त बाहेर काढतात. तापवलेल्या सुईने हा प्रयोग घरी मुळीच करू नये.

नख मुळाशी कातडीच्या वर उचलले गेले असेल, बोटाचे टोक वाकडे दिसत असेल किंवा सरळ होत नसेल, जखम खोल असेल अथवा रक्त थांबत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. परळला आचार्य दोंदे मार्गावर १९२९ पासून मुलांसाठीच असलेले बाई जेरबाई वाडिया रुग्णालय आहे, शेजारीच के.ई.एम. आहे. तेथे क्ष-किरण तपासणी होऊ शकते. निघताना लसीकरणाचे कार्ड घ्यावे, म्हणजे धनुर्वाताच्या लसीचा निर्णय लगेच होतो. रडे थांबावे म्हणून दूध-बिस्किटे देण्याचा मोह मात्र आवरावा. टाके घालण्यासाठी भूल द्यावी लागल्यास भरलेले पोट अडचणीचे ठरते. बोटाचा तुकडा सुटला असेल, तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुकडा बर्फात थेट टाकू नये.

पुढील दिवसांत लाली पसरणे, पू किंवा ताप दिसल्यास पुन्हा दाखवावे. नवे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. पूर्ण यायला सहा महिनेही लागतात. तोवर धीर धरावा.

आणि स्वतःला दोष देत बसू नये. त्याऐवजी दार उघडे असताना त्याला जड अडसर लावावा, बिजागरीची फट जाड कापडी पट्टीने झाकावी आणि नातवंड जवळ असताना दार हळू लोटण्याची सवय साऱ्या घराला लावावी.